उरलं म्हणजे जास्त?

मागच्या दोन शनिवारी इथे काहीच लिहिलं नाही, कारण दिवाळीला कारंज्याला गेलो होतो. परत येताना चिवडा-चकल्यांच्या डब्यांबरोबर एक जुनं भांडणही घेऊन आलो. भांडण म्हणजे तसं मोठं नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी एका वयाने मोठ्या माणसाला चारचौघांत 'तुमचं चुकतंय' असं सांगितलं होतं. त्यांचं चुकत होतं हे खरं. पण नेमकं कुठे, हे मला तेव्हा अजिबात कळलं नव्हतं. आज त्याबद्दल.

कारंजा म्हणजे कारंजा लाड, जिल्हा वाशिम. (माझा जन्म झाला तेव्हा जिल्हा अकोला होता. १ जुलै १९९८ ला वाशिम वेगळा झाला. त्यामुळे माझ्या जन्मदाखल्यावर एक जिल्हा आणि आधार कार्डावर दुसरा. ज्यांनी पासपोर्टचा फॉर्म भरलाय त्यांना हे दुःख कळेल.) बाहेरच्यांना गाव माहीत असतं ते नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून, नाहीतर मूर्तिजापूर-यवतमाळ 'शकुंतला' गाडीमुळे. पण गावात जैनांचीही जुनी वस्ती आहे. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन परंपरांची तीन मंदिरं, आणि त्यांचे हस्तलिखितांचे भांडार. लहानपणी आम्हाला भांडार वगैरे काही ठाऊक नव्हतं. आम्हाला ठाऊक होतं ते मंदिराच्या रस्त्यावरचं काकांचं किराणा दुकान.

काका म्हणजे नात्याने कुणी नाहीत. सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची. मी 'गणितवाला पोरगा' अशी त्यांची समजूत होती, त्यामुळे सामान आणायला गेलो की काहीतरी विचारायचेच. मी सातवीत असेन, तेव्हा मोहरी तोलता तोलता म्हणाले,

"सगळ्यात मोठी संख्या कोनती रे?"

"नसते काका. एक मिळवला की पुढची तयार."

"आमच्या पोथीत हाय ना पन. बस इथं, सांगतो तुले."

आणि पोत्यातली मूठभर मोहरी हातात घेऊन त्यांनी जे सांगितलं ते मी अजून विसरलो नाही. नेमिचंद्रांच्या 'त्रिलोकसारा'त (दहावं शतक) ते आहे, श्वेतांबरांच्या त्याहून बऱ्याच जुन्या 'अनुयोगद्वार सूत्रा'तही आहे. जंबुद्वीप एक लाख योजन व्यासाचं. त्याच्याभोवती कड्यासारखा समुद्र, त्याची रुंदी दुप्पट. त्याच्याभोवती द्वीप, त्याची रुंदी अजून दुप्पट. असं द्वीप-समुद्र, द्वीप-समुद्र चालूच. आता जंबुद्वीपाएवढे रुंद आणि एक हजार योजन खोल असे चार खड्डे कल्पा. पहिला मोहरीने शिगोशिग भरा. मग ती मोहरी उचला आणि एकेका द्वीपावर, एकेका समुद्रात एकेक दाणा टाकत चला. जिथे शेवटचा दाणा पडेल, त्या कड्याच्या व्यासाएवढा नवा खड्डा खणा, तो भरा, आणि पुढे निघा. प्रत्येक वेळी खड्डा रिकामा झाला की आठवण म्हणून दुसऱ्या खड्ड्यात एक दाणा. दुसरा खड्डा असा एकेक दाण्याने भरला की तिसऱ्यात एक. तिसरा भरला की चौथ्यात एक. पहिल्याला अनवस्थित म्हणतात, कारण तो बदलत राहतो. बाकीचे शलाका, प्रतिशलाका, महाशलाका. चारही शिगोशिग भरले की थांबा.

"मंग किती झाले दाने?" काका.

"माहीत नाही."

"हे झालं असंख्यात. त्याच्यातून एक दाना कमी केला का उत्कृष्ट संख्यात. मोजता येनाऱ्यातली सगळ्यात मोठी संख्या. जा, आई वाट पायत असन."

पुढे नोकरीत एका दुपारी (बिल्ड चालू असताना, म्हणजे कामच चालू होतं :) ) मी हे कागदावर करून पाहिलं. योजन साधारण बारा किलोमीटर धरलं, दाणा दोन मिलिमीटरचा धरला, तर नुसता पहिला खड्डा भरायला अंदाजे दोनावर तेहतीस शून्यं इतके दाणे लागतात. चौसष्ट बिटांत मावणारा सगळ्यात मोठा पूर्णांक वीस आकडी असतो, म्हणजे तो पहिल्या खड्ड्यातच बुडाला. आणि दुसऱ्यांदा खणायचा खड्डा? तोवर व्यास तितक्या वेळा दुप्पट झालेला. त्या व्यासाची किंमत लिहायची म्हटली तरी तिच्यातल्या आकड्यांची संख्याच तेहतीस आकडी होते. हे फक्त दुसऱ्या फेरीचं. अशा फेऱ्या किती, तर शलाका खड्डा भरेपर्यंत. आणि तो भरणं कितीदा, तर प्रतिशलाका भरेपर्यंत. आपल्या भाषेत सांगायचं तर लूपच्या आत लूप, त्याच्या आत लूप, आणि आतली मर्यादा प्रत्येक फेरीत स्वतःच फुगणारी. कॉम्प्युटर सायन्समध्ये ॲकरमन फंक्शन शिकवतात, तेव्हा पोरांचे चेहरे जसे होतात तसा माझा सातवीत झाला होता.

आणि एवढं करून हाती आलेली संख्या म्हणजे फक्त पहिल्या वर्गाची, 'संख्याता'ची सीमा. पुढे असंख्यात, त्याच्याही पुढे अनंत. असंख्याताचे परीत, युक्त आणि असंख्यातासंख्यात असे तीन भाग, अनंताचेही तसेच तीन, आणि प्रत्येकात जघन्य, मध्यम, उत्कृष्ट. संख्याताचे तीन धरून एकूण एकवीस पायऱ्या.

आता भांडण. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि नुकताच कँटर वाचला होता. ज्यांनी हा आजार अनुभवलाय त्यांना माहीत असेल, कँटर पहिल्यांदा वाचला की माणूस महिनाभर कुणालाही धरून तेच सांगत सुटतो. गल्लीतल्या एका लग्नात पंगत बसली होती. काका शेजारच्या पाहुण्यांना सांगत होते की अनंतातही लहान-मोठं असतं हे आमच्या आचार्यांनी दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय, त्या जर्मनाने मागाहून शोधलं. मी वाढता वाढता थांबलो (हातात मठ्ठ्याचं भांडं) आणि म्हणालो, "नाही काका, तुमचं चुकतंय. ती नुसती मोठी संख्या आहे. त्याचा अनंताशी काही संबंध नाही." वर आणखी दोन-चार वाक्यं, तोंडी लावायला. पाहुणे हसले. काका एवढंच म्हणाले, "तू शिकेल हायेस बावा, तुले जास्त समजते." त्यानंतर त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. सामान द्यायचे, पैसे घ्यायचे, बस.

मी जे बोललो त्यातलं बरोबर किती ते आधी बघू. कँटरचा मुद्दा पंगतीतच समजतो. दोनशे पत्रावळ्या मांडल्यात आणि माणसं बसलीत. एकही पत्रावळ रिकामी नाही, एकही माणूस उभा नाही. मग माणसं किती, पत्रावळ्या किती हे न मोजताही दोन्ही सारख्या हे कळलं. जोड्या लावायच्या, मोजायचं नाही. कँटरने एवढंच केलं, पण अनंत पंगतीवर केलं. सगळ्या पूर्णांकांच्या पत्रावळ्या मांडा: १, २, ३, ४... आणि पाहुणे फक्त सम: २, ४, ६, ८... पहिल्या पत्रावळीवर २, दुसरीवर ४, तिसरीवर ६. सगळे बसले, एकही पत्रावळ रिकामी नाही. म्हणजे सम संख्या आणि सगळ्या संख्या सारख्याच. अनंतात एक मिळवला तरी तेच, एक काढला तरी तेच, दुप्पट केलं तरी तेच.

आता जैनांच्या शिडीकडे बघा. उत्कृष्ट संख्यातात एक मिळवला की असंख्यात सुरू. एक मिळवून जी सीमा ओलांडता येते ती अनंताची सीमा नव्हे. सातवीतलं माझं उत्तर बरोबरच होतं: सगळ्यात मोठी मोजण्याजोगी संख्या नसते, आणि चार खड्ड्यांतली मोहरी कितीही अचाट असली तरी ती संपते. तिथे माझं म्हणणं आजही मी मागे घेणार नाही. (आपल्याकडचा दुसरा प्रसिद्ध अनंत म्हणजे भास्कराचार्यांचा 'खहर', शून्याने भागल्यावर येणारा. ११५० च्या सुमाराच्या 'बीजगणिता'त ते म्हणतात की त्यात काही मिळवा नाहीतर काढा, फरक पडत नाही. हे कँटरच्या जास्त जवळचं वाटतं, पण तिथे अनंत एकच आहे, त्याची मापं नाहीत.)

तर मी जिंकलो होतो. आणि जिंकलेल्या विषयाकडे कोण परत जातो? मीही पंधरा वर्षं गेलो नाही.

गेलो ते एका वेगळ्याच कारणाने. ऑफिसात कुणीतरी लॉगॅरिदमच्या इतिहासावर बोलत होता आणि त्याने 'अर्धच्छेद' हा शब्द वापरला. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, तो तिचा अर्धच्छेद. म्हणजे आपला दोन पायाचा लॉग, ज्यावर आपली निम्मी रोजीरोटी चालते. हा शब्द कुठला, तर 'धवला' टीकेतला. आचार्य वीरसेनांनी ही टीका इसवी सन ८१६ मध्ये पूर्ण केली, 'षट्खंडागम' या दिगंबरांच्या मूळ आगमग्रंथावर. शतकानुशतकं तिची ताडपत्रं कर्नाटकात मूडबिद्रीला बंद होती. मग तिची छापील आवृत्ती कुठून निघाली? मी स्क्रीनवर वाचलं आणि खुर्चीत सरळ बसलो. अमरावतीहून. संपादक डॉ. हिरालाल जैन, किंग एडवर्ड कॉलेजातले संस्कृतचे प्राध्यापक (तेच कॉलेज आज शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था आहे). पहिला खंड १९३९ ला, शेवटचा सोळावा १९५८ ला. आणि पाठ ठरवण्यासाठी त्यांनी ज्या हस्तलिखित नकला समोर ठेवल्या त्या अमरावतीची, आऱ्याची, आणि कारंज्याची.

कारंज्याची! मी ज्या रस्त्याने दळण घेऊन जायचो त्या गावातली. हिरालाल जैनांचं कारंज्याच्या भांडारांशी जुनं नातं होतं. तिथल्या पोथ्यांवरून त्यांनी अपभ्रंश काव्यं संपादित केली आणि ती 'कारंजा जैन ग्रंथमाले'त १९३०च्या दशकात निघाली. अपभ्रंश म्हणजे मराठीच्या आधीची पायरी, त्यामुळे भाषेच्या अभ्यासकांना कारंजा आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

१९४२ च्या चौथ्या खंडात लखनौ विद्यापीठातले गणिती अवधेश नारायण सिंह यांचा धवलेतल्या गणितावर इंग्रजी लेख आहे. हे सिंह म्हणजे विभूतिभूषण दत्तांबरोबर हिंदू गणिताचा इतिहास लिहिणारे. तो लेख वाचला, मग तिसरा खंड उघडला, द्रव्यप्रमाणानुगमाचा, म्हणजे कुठल्या प्रकारचे जीव किती, याचा. मूळ प्राकृत-संस्कृत मला झेपलं असं नाही, हिंदी अनुवादाला धरून धरून वाचलं.

आणि तिथे माझी विकेट पडली.

वीरसेनांपुढचा प्रश्न गणिताचा नव्हताच, मोक्षाचा होता. परंपरेने सांगितलेला हिशोब असा की दर सहा महिने आठ समयांत ६०८ जीव मोक्षाला जातात. गेलेला जीव परत येत नाही, नवे जीव निर्माण होत नाहीत. आणि हे अनादी काळापासून चालू आहे. मग संसार अजून रिकामा कसा झाला नाही? दुकानदाराला कळेल असा प्रश्न आहे: रोज माल जातोय, नवा येत नाही, आणि गोदाम भरलेलंच. वीरसेन यावरून अनंताची व्याख्या करतात. आय नसताना व्यय करत राहिलं की जी राशी संपते ती कितीही मोठी असली तरी असंख्यातच. जी संपत नाही ती अनंत. 'अनंत' या शब्दाचे ते अकरा अर्थ देतात, नावापुरता अनंत, एका दिशेने अनंत, दोन्ही दिशांनी, विस्ताराने, वगैरे. आणि मग सांगतात की इथे आपल्याला काम आहे ते फक्त गणनेच्या अनंताशी.

म्हणजे 'नुसती मोठी संख्या' आणि 'न संपणारी राशी' यातला फरक त्यांना पक्का माहीत होता. मी पंगतीत जो फरक काकांना शिकवायला निघालो होतो, तोच.

पुढचं तर आणखी भारी आहे. मिथ्यादृष्टी जीव (म्हणजे तुम्ही-आम्ही, बहुसंख्य) किती आहेत हे दाखवताना ते म्हणतात की एका बाजूला होऊन गेलेल्या काळाचे सगळे समय ठेवा, दुसऱ्या बाजूला हे जीव ठेवा. समय म्हणजे काळाचा सगळ्यात बारीक कण. आता इकडचा एक काढा, तिकडचा एक काढा. इकडचा एक, तिकडचा एक. समय संपतील, जीव उरतील. म्हणून जीव जास्त.

जोड्या! न मोजता, दोन अनंत राशी समोरासमोर बसवून, एकास एक. पत्रावळ आणि माणूस. कँटरच्या साडेदहाशे वर्षं आधी. मी दोन दिवस हेच सगळ्यांना सांगत फिरलो. (बायको म्हणाली, परत कँटर झालाय का तुला.)

मग तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना पंगत आठवली, आणि वीरसेनांची पायरी कुठे निसटते ते दिसलं. सम संख्यांचे तेच पाहुणे परत घ्या. पण या वेळी प्रत्येकजण आपल्या नावाच्या पत्रावळीवर बसला: २ नंबरवर २, ४ नंबरवर ४. आता १, ३, ५, ७ अशा अनंत पत्रावळ्या रिकाम्या राहिल्या. जोड्या लावल्या, एका बाजूला उरलं. म्हणजे पत्रावळ्या जास्त? पण मघाशी तर सगळे चपखल बसले होते! तेच पाहुणे, त्याच पत्रावळ्या.

दोनशेच्या पंगतीत असं कधी होत नाही. एकदा पाच पत्रावळ्या उरल्या की कसंही बसवा, पाचच उरणार. आपल्या सगळ्या व्यवहाराचा पाया हा आहे की उरलं म्हणजे जास्त. काट्यावर, गल्ल्यात, महिन्याच्या शेवटी बँकेत, सगळीकडे. आणि नेमकी हीच गोष्ट अनंतात चालत नाही. तिथे उरलं याचा अर्थ फक्त एवढाच की *या* पद्धतीने बसवल्यावर उरलं. एका दिशेच्या अनंतापेक्षा विस्ताराचा अनंत मोठा, हेही आपल्या मनाला पटतं, पण १८७७ मध्ये कँटरने दाखवलं की रेषेवर जितके बिंदू तितकेच चौरसात. तिथेही आपण एका विशिष्ट मांडणीत 'उरलेले' बिंदू बघून फसतो.

म्हणजे खरोखर मोठा अनंत दाखवायचा तर एका मांडणीत उरून भागत नाही. कुठल्याही मांडणीत, कुणीही कसंही बसवलं तरी उरलंच पाहिजे. अशा मांडण्या तर स्वतःच अनंत. त्या सगळ्यांना एकदम कसं हरवायचं? कँटरने हे पहिल्यांदा १८७४ मध्ये केलं, आणि १८९१ मध्ये ती कर्णाची युक्ती दिली जी आज सगळे शिकतात.

हे मी या दिवाळीत काकांना सांगितलं. पाडव्याला दुकानात गेलो. मुलगा गल्ल्यावर होता, काका आत खुर्चीवर. ऐंशीच्या पुढे गेलेत, ऐकू कमी येतं, पण डोकं तल्लख. आधी म्हणालो, "काका, त्या लग्नात मी बोललो होतो ते अर्धवट होतं. तुमच्या ग्रंथात जोड्या लावल्यात. मला माहीत नव्हतं." ते माझ्याकडे बघत राहिले. आठवत नसेल असं वाटलं.

"मठ्ठा वाढत होतास तू," काका म्हणाले.

मग मी त्यांची उधारीची वही मागितली. समजा गिऱ्हाईकं अनंत आहेत: पहिलं, दुसरं, तिसरं... कधी न संपणारी. प्रत्येकाच्या नावाची एक ओळ, आणि ओळीत प्रत्येक दिवसाचं एक घर, दिवसही न संपणारे. त्या दिवशी उधार नेलं तर टिंब, नाही नेलं तर फुली. वही अनंत लांब, अनंत रुंद. आता तुम्ही म्हणता की टिंब-फुल्यांची जगात जेवढी म्हणून तऱ्हा असू शकते ती या वहीत कुठे ना कुठे आहेच.

"हाव."

मी म्हणालो, आता असं गिऱ्हाईक काढतो जे वहीत नाही. पहिल्या दिवशी पहिल्या गिऱ्हाइकाने जे केलं त्याच्या उलट. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या उलट. तिसऱ्या दिवशी तिसऱ्याच्या. हे गिऱ्हाईक पहिल्या ओळीत असेल का? नाही, पहिल्या दिवशीच फरक पडतो. शंभराव्या ओळीत? नाही, शंभराव्या दिवशी फरक पडतो. कुठल्याच ओळीत नाही.

काकांनी वहीवर बोट तिरपं फिरवलं, पहिल्या ओळीच्या पहिल्या घरावरून दुसरीच्या दुसऱ्या घरावर, तिसरीच्या तिसऱ्या. हे मी सांगितलं नव्हतं.

"मंग लिहून टाक त्याले वहीत."

"लिहिलं की वही बदलली. नव्या वहीतून परत तसंच एक निघतं."

"कशीबी लिहिली तरी?"

"कशीही."

बराच वेळ गप्प होते. मुलाने एक-दोनदा आत डोकावून बघितलं.

इथे एक गोष्ट मी त्यांना सांगितली, कारण मला ती खरंच विलक्षण वाटते. कँटरच्या अनंतात मिळवून, दुप्पट करून, वर्ग करून, कशानेच पुढच्या मापावर जाता येत नाही. पुढे नेणारी एक कृती म्हणजे घात: तेवढ्या वेळा दोनाचा गुणाकार, किंवा ती राशी स्वतःच्याच घाताला नेणं. वहीतल्या टिंब-फुल्यांच्या तऱ्हा म्हणजे तेच, दर दिवसाला दोन पर्याय, असे अनंत वेळा. आणि जैन शिडीत परीत असंख्यातावरून युक्त असंख्यातावर चढायला कुठली कृती वापरतात? राशी एकेक सुटी मांडायची, प्रत्येक एकावर ती सगळी राशी ठेवायची आणि सगळ्यांचा गुणाकार करायचा. स्वतःचाच स्वतःइतका घात. धवलेत याला वर्गितसंवर्गित म्हणतात. दोनावर तीनदा केलं तर ४, मग २५६, मग २५६ चा २५६ वा घात, जो ६१७ आकडी आहे. म्हणजे शिडी चुकीच्या जमिनीवर उभी होती, मोहरीच्या दाण्यांवर, पण पायरी चढायची रीत बरोबर तीच निवडली होती. हे त्यांना अनंताबद्दल काही कळलं म्हणून, की भराभर मोठं व्हायला घातासारखं दुसरं साधन नाही म्हणून? मला दुसरं वाटतं. काकांना अर्थातच पहिलं वाटतं.

"म्हंजे आता दोन झाले," काका बोटं दाखवत म्हणाले. "एक गिऱ्हाईकाइतका अनंत. एक वहीत न मावनारा. जघन्य आनि उत्कृष्ट."

"उत्कृष्ट नाही काका. त्याच्याही वर आहेत, वर शेवटच नाही."

"ते राहू दे. या दोघायच्या मधात काय हाय? मध्यम कोनता?"

मला खरंच घाम फुटला. ज्या माणसाच्या प्रत्येक पायरीला जघन्य, मध्यम, उत्कृष्ट असतं, तो हे विचारणारच. पण हाच प्रश्न कँटरने १८७८ मध्ये विचारला आणि उरलेलं आयुष्य त्यापायी झुरला. हाच हिल्बर्टने १९०० मध्ये पॅरिसला आपल्या यादीत पहिल्या नंबरवर ठेवला. गोडेलने १९४० पर्यंत दाखवलं की मध्ये काही नाही असं मानलं तर नेहमीच्या गणितात विसंगती येत नाही. पॉल कोहेनने १९६३ मध्ये दाखवलं की मध्ये काही आहे असं मानलं तरी येत नाही. म्हणजे आपण ज्या गृहीतकांवर गणित उभारलंय त्यातून याचं उत्तर हो असंही निघत नाही आणि नाही असंही निघत नाही. मी ते जमेल तसं सांगितलं.

"हाय बी म्हनता येत नाई, नाई बी म्हनता येत नाई?"

"हो. म्हणजे... हो."

"आमच्यात याले अवक्तव्य म्हनते," काका म्हणाले, आणि मुलाला हाक मारून दोन चहा सांगितले.

मी 'तसं नाही काका' म्हणायला तोंड उघडलं होतं. कारण तसं नाहीच. स्याद्वादातलं अवक्तव्य वेगळं आणि कोहेनचा निकाल वेगळा. पण का वेगळं, हे तिथल्या तिथे सांगता येईना, आणि एकदा अर्धवट बोलून बावीस वर्षं गेली होती. म्हणालो, पुढच्या वेळी सांगतो. परत आल्यापासून रोज रात्री कोहेनचं फोर्सिंग वाचतोय. उधारीच्या वहीत ते कसं बसवायचं हे अजून सापडलेलं नाही. संक्रांतीला जायचंय.